गांवानें संभाळलेला मुलगा

कांहीं महिन्यांपूर्वीं एका व्याख्यानमालेंत बोलण्याचा प्रसंग आम्हांवर आला होता. विषय इतिहासाचा, श्रोते सुशिक्षित, सभागृह भरलेलें. व्याख्यान निम्म्यावर आलें असतां मागल्या रांगेंतला एक दहा-बारा वर्षांचा मुलगा आमच्या तोंडून निघालेला प्रत्येक सन मोठ्यानें पुनःपुन्हां उच्चारूं लागला. श्रोत्यांनीं माना वळविल्या. कोणीं हंसलें, कोणीं 'शुक्' केलें. आणि थोड्याच वेळांत एका स्वयंसेवकानें त्याच्या आईपाशीं जाऊन हळूच कांहीं सांगितलें. ती बाई उठली व मुलाचा हात धरून बाहेर गेली. आम्हीं व्याख्यान पुढें चालूं ठेवलें. शेवटीं टाळ्याहि झाल्या. घरीं परततांना मात्र आमच्या ध्यानांत आलें कीं, त्या सभागृहांत आमचा प्रत्येक सन लक्षपूर्वक ऐकणारा श्रोता बहुधा तोच एक होता. आणि त्याला बाहेर नेलें जात असतां आम्ही व्यासपीठावर उभे होतों, पण एक शब्दहि बोललों नाहीं.

मुलगा स्वमग्न होता, हें आम्हांस मागाहून कळलें. त्या दिवसापासून या विषयावरील ग्रंथ चाळण्याचा नाद आम्हांस लागला. इतिहासाच्या अध्यापकाची खोड अशी कीं, कोणतीहि गोष्ट समजून घ्यावयाची तर ती प्रथम कोठें व केव्हां घडली, येथून तो आरंभ करतो. त्या शोधांत जें हातीं लागलें तें वाचकांपुढें ठेवीत आहों.

ज्या अवस्थेस इंग्रजींत 'ऑटिझम' म्हणतात तिला मराठींत 'स्वमग्नता' हा शब्द आतां रूढ झाला आहे. मूळ शब्द यूजेन ब्लॉयलर या स्विस मनोवैद्यानें गेल्या शतकाच्या आरंभीं ग्रीक भाषेंतील 'स्वतः' या अर्थाच्या शब्दापासून बनविला. तोहि मुलांसाठीं नव्हे, दुसऱ्याच एका मनोविकाराचें वर्णन करण्यासाठीं. मॉस्को येथील ग्रुन्या सुखारेवा या विदुषीनें १९२५ च्या सुमारास अशा मुलांचें बारकाईनें वर्णन केलें होतें, परंतु त्याकडे पश्चिमेचें लक्ष गेलें नाहीं. वैद्यांनीं काय शोधिलें याचा हा इतिहास पुष्कळांनीं लिहिला आहे. आम्हांस येथें पाहावयाचें आहे तें निराळें: असें मूल ज्या घरांत जन्मास आलें त्या घराच्या पाठीशीं कोण उभें राहिलें?

अमेरिकेच्या दक्षिण भागांतील मिसिसिपी संस्थानांत फॉरेस्ट नांवाचें एक लहानसें गांव आहे. तेथें १९३३ च्या सप्टेंबरांत डोनाल्ड ट्रिप्लेट याचा जन्म झाला. बाप येल विद्यापीठाचा कायद्याचा पदवीधर व गांवांतला वकील. आईहि शिकलेली, आणि गांवची बँक तिच्या माहेरच्या मंडळींची. एकूण घर सुखवस्तु व प्रतिष्ठित. हें मूल एक वर्षाचें असतांना गाण्यांच्या चाली बिनचूक गुणगुणत असे. दोन वर्षांचें झालें तेव्हां बायबलांतील २३ वें स्तोत्र त्याला मुखोद्गत होतें, आणि ख्रिस्ती धर्माच्या प्रश्नोत्तरावलींतील २५ प्रश्न व त्यांचीं उत्तरें तें न अडखळतां म्हणे. आमच्याकडे असें मूल असतें तर आल्यागेल्या पाहुण्यापुढें त्याला उभें करून रामरक्षा म्हणावयास लावली असती! परंतु हेंच मूल आईबापांच्या येण्याजाण्याची दखल घेत नसे; नाताळचा म्हातारा सगळा पोशाख करून पुढें उभा राहिला तरी त्याची नजर तिकडे वळत नसे. भांडीं, ठोकळे, जें म्हणून गरगर फिरेल तें जमिनीवर फिरवीत बसणें हाच त्याचा आनंद. स्वतःस तो 'तूं' म्हणे. कारण इतरांच्या तोंडून स्वतःविषयीं त्यानें 'तूं' हाच शब्द ऐकिलेला होता, आणि एकदां ऐकिलेला शब्द त्याच्या लेखीं बदलत नसे.

त्या काळीं अशा मुलाच्या आईबापांस एकच सल्ला मिळे: मूल संस्थेंत ठेवा, आणि त्याला विसरा. १९३७ सालीं, डोनाल्ड चार वर्षांचा होण्याच्या सुमारास, त्याला घरापासून दूर अशा एका संस्थेंत ठेवण्यांत आलें. संस्था वस्तुतः क्षयाची बाधा होऊं नये म्हणून मुलांस ठेवण्यासाठीं होती. महिन्यांतून दोनदां भेट, एवढाच आईबापांचा संबंध उरला. मुलगा तेथें शांत झाला खरा, पण ती शांतता विझलेल्या चुलीची होती. एका जागीं बसून राही, कशाकडे लक्ष देत नसे. वर्षभरानें आईबापांनीं त्याला घरीं न्यावयाचें ठरविलें. संस्थेच्या प्रमुखांचा सल्ला उलट होता. मुलाचें आतां बरें चाललें आहे, तेव्हां त्याला त्रास देऊं नये असें त्यांचें म्हणणें. आईबापांनीं तें ऐकिलें नाहीं. या कथेंतला सर्वांत मोठा निर्णय हाच, आणि तो कोणा पंडिताचा नव्हे.

नंतर त्या वकिलानें मुलाचा सगळा वृत्तांत ३३ पृष्ठांत उतरवून बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयांतील बालमनोवैद्य लिओ कॅनर यांजकडे पाठविला, आणि १९३८ च्या ऑक्टोबरांत मुलास त्यांच्यापुढें नेलें. त्या मुलासारखींच आणखी दहा मुलें पुढील कांहीं वर्षांत कॅनर यांनीं पाहिलीं, आणि १९४३ सालीं त्या ८ मुलगे व ३ मुली अशा ११ मुलांवर जो निबंध प्रसिद्ध केला त्यानें या अवस्थेस जगांत नांव मिळालें. निबंधांतील पहिलें मूल डोनाल्ड हेंच आहे. आम्ही इतिहासाचे विद्यार्थी अस्सल कागद कोणता व मागाहून रचलेली बखर कोणती, हा भेद करावयास शिकतों. स्वमग्नतेच्या इतिहासांतला हा पहिला अस्सल कागद एका बापानें लिहिलेला आहे, ही गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी. पुढें तिचें काम पडणार आहे.

नांव मिळालें, पण औषध मिळालें नाहीं. मुलगा नऊ वर्षांचा झाला तेव्हां, १९४२ सालीं, फॉरेस्टपासून दहा मैलांवर राहणाऱ्या लुइस नांवाच्या एका गरीब शेतकरी जोडप्याच्या घरीं आईबापांनीं त्याला ठेविलें. तेथें तो तीन-चार वर्षें राहिला. आईबाप वरचेवर जात, मुलगाहि घरीं येई. १९४५ सालीं कॅनर स्वतः तें शेत पाहावयास गेले, आणि जें पाहिलें त्यानें थक्क झाले. मुलाला मोजमापाचें वेड होतें, म्हणून त्या जोडप्यानें त्याला विहीर खणावयास लाविलें व तिची खोली किती झाली तें सांगत जा म्हटलें. तो मेलेले पक्षी व किडे गोळा करी, म्हणून त्यांनीं त्याला एक कोपरा दफनभूमि म्हणून नेमून दिला व प्रत्येकावर खुणेची पाटी लावावयास सांगितलें. मक्याच्या ओळी तो पुनःपुन्हां मोजीत बसे, तेव्हां त्यांनीं हातीं नांगर दिला आणि नांगरतां नांगरतां ओळी मोज म्हणून सांगितलें. कॅनर यांच्यासमोर त्यानें सहा लांब ओळी नांगरल्या, आणि टोकाशीं घोडा सफाईनें वळविला. मनोविज्ञानाचें एक अक्षरहि न वाचलेल्या त्या दोघांनीं जें केलें तें आज मोठमोठ्या पदव्या घेतलेलीं माणसें शिकवीत असतात: मुलाची खोड मोडूं नये, तिलाच कामास जुंपावें.

पुढें डोनाल्ड गांवच्या हायस्कुलांत शिकला, १९५८ सालीं मिल्सॅप्स कॉलेजांतून फ्रेंच विषय घेऊन पदवीधर झाला आणि गांवच्या बँकेंत नोकरीस लागला. तो मोटार चालवूं लागला, गोल्फ खेळूं लागला, आणि एकट्यानें पुष्कळ देश हिंडून आला. बाप १९८० सालीं व आई १९८५ सालीं वारली तेव्हां त्याची पन्नाशी आली होती. ज्या घरांत वाढला त्याच घरांत तो पुढेंहि राहिला. घरच्यांनीं त्याच्या नांवें पैशाची अशी व्यवस्था लावून दिली होती कीं बिलें वेळच्या वेळीं भागावीं, पण कोणा लबाडानें त्याला नाडूं नये. जॉन डॉन्व्हन व कॅरेन झुकर हे दोघे पत्रकार त्याचा शोध घेत फॉरेस्ट येथें गेले तेव्हां त्यांस एक विलक्षण अनुभव आला. गांवांतील एकाहून अधिक लोकांनीं त्यांस बजाविलें कीं, तुमच्या लिहिण्यानें डॉनला इजा झाली तर तुमचा पत्ता आम्हांस ठाऊक आहे. २०१० सालीं त्यांचा लेख प्रसिद्ध झाला. १५ जून २०२३ रोजीं डोनाल्ड आपल्या ८९ व्या वर्षीं वारला.

ही कथा वाचून वाचकाचें मन भरून येईल, आमचेंहि आलें. परंतु इतिहासकारानें मन भरून आल्यावर थोडें थांबावें हें बरें. मिसिसिपींत त्या काळीं गोरे व काळे यांच्या शाळा निराळ्या, बसण्याच्या जागा निराळ्या होत्या. त्याच फॉरेस्ट गांवांत, त्याच वर्षीं, एखाद्या काळ्या मजुराच्या झोंपडींत असाच मुलगा जन्मला असता तर त्याच्यासाठीं ३३ पृष्ठांचें पत्र कोणीं लिहिलें असतें? कोणत्या बँकेनें त्याला नोकरी दिली असती? गांवानें डोनाल्डला संभाळलें तें त्याच्या घराण्याकडे पाहून, असें कोणीं म्हटलें तर तें सर्वथैव खोटें नाहीं. पण तें पुरतें खरेंहि नाहीं. ११ मुलांतील बहुतेकांचीं घरें सुशिक्षित व सुस्थितींतलींच होतीं. १९७१ सालीं कॅनर यांनीं त्या सर्वांचा पुन्हां मागोवा घेतला तेव्हां, जीं मुलें सरकारी मनोरुग्णालयांत गेलीं होतीं तीं तेथेंच मिटून गेलेलीं आढळलीं. त्यांना तेथें पाठविणें म्हणजे जन्मठेप देण्यासारखेंच झालें, असा त्यांचा अभिप्राय पडला. तेव्हां पैसा हें एक कारण खरें. पण राहावयास घर, हातास काम आणि नांवानें हांक मारणारीं माणसें, हीं तीन ज्याला मिळालीं तो वांचला.

गांव पाठीशीं उभें राहण्याऐवजीं राज्यच विरुद्ध उभें राहिलें तर काय होतें, याचेंहि उत्तर त्याच वर्षांनीं देऊन ठेविलें आहे. व्हिएन्ना येथें हान्स आस्पर्गर हे अशाच मुलांचा अभ्यास करीत होते. त्यांचा निबंध १९४४ सालचा. त्याच शहरांतील श्पीगेलग्रुंड नांवाच्या संस्थेंत नाझी राजवटींत ७८९ मुलें मारिलीं गेलीं. दीर्घकाळ आस्पर्गर हे या मुलांचे रक्षणकर्ते समजले जात. हेरविग चेक या इतिहाससंशोधकानें मूळ दप्तरें तपासून २०१८ सालीं दाखवून दिलें कीं, त्यांनींहि मुलांस त्या संस्थेकडे धाडलें होतें. जें मूल राष्ट्राच्या उपयोगीं पडेल तें ठेवावें, बाकीचीं नकोत, या हिशेबाचा तो शेवट होता. मुलाचा उपयोग काय, हा प्रश्न सभ्य भाषेंत आजहि आपल्या कानांवर येतो. तो कोणत्या दारापर्यंत नेऊन सोडतो हें विसरूं नये.

महायुद्ध संपलें, पण घरांवरचें संकट संपलें नाहीं. त्यानें नवें रूप घेतलें. कॅनर यांनींच आपल्या निबंधांत या मुलांच्या आईबापांच्या थंडपणाचा उल्लेख केला होता. त्या उल्लेखाचा पुढें सिद्धांत झाला: मूल स्वमग्न होतें तें आईच्या मायेच्या अभावीं! ब्रूनो बेटेलहाइम यांच्या १९६७ सालच्या ग्रंथानें त्याचा सर्वत्र प्रसार केला. वर ज्या अस्सल कागदाविषयीं आम्हीं लिहिलें त्याची येथें आठवण करावी. तेहतीस पृष्ठें भरून मुलाचें प्रत्येक पाऊल टिपणारा बाप, आणि संस्थेचा सल्ला झुगारून मूल परत आणणारी आई, हीं थंड? पण कागद बाजूस राहिला आणि बखर खरी ठरली. हजारों आयांनीं हा कलंक डोक्यावर वाहिला. तो धुवून काढण्याचें काम पुन्हां एका बापानेंच केलें. बर्नार्ड रिमलंड हे अमेरिकन आरमाराचे मानसशास्त्रज्ञ. त्यांचा मुलगा स्वमग्न. १९६४ सालीं त्यांनीं ग्रंथ लिहून दाखविलें कीं, या अवस्थेचें मूळ आईच्या वागण्यांत नसून मेंदूच्या घडणींत आहे. दुसऱ्याच वर्षीं त्यांनीं व इतर पालकांनीं मिळून आपली संस्था स्थापिली. १९६९ सालीं तिच्या संमेलनांत वृद्ध कॅनर यांनीं सर्व आईबापांस भर सभेंत दोषमुक्त केलें.

इंग्लंडांतील हकीकत याहून आम्हांस जवळची वाटते. कारण तेथें बँक नव्हती, मोठें घराणें नव्हतें. १९६२ सालीं लंडनमधील कांहीं आईबाप एकमेकांच्या घरीं जमले आणि त्यांनीं संस्था काढिली. शाळा त्यांच्या मुलांस घेत नसत. सिबिल एल्गर नांवाची एक शिक्षिका आपल्याच घराच्या तळघरांत अशा थोड्या मुलांस शिकवीत होती. पालकांनीं पैसे गोळा करून १९६५ सालीं लंडनच्या ईलिंग भागांत तिच्यासाठीं शाळा उभी केली. मुलें मोठीं होऊं लागलीं तसा शाळेचा प्रश्न मागें पडून आयुष्याचा प्रश्न पुढें आला, तेव्हां १९७४ सालीं सॉमरसेट परगण्यांत मोठ्या झालेल्या मुलांसाठीं वसतिस्थान काढण्यांत आलें. याच मंडळींतील लॉर्ना विंग या स्वतः मनोवैद्य व स्वमग्न मुलीच्या आई होत्या. स्वमग्नता ही एकाच सांच्याची नसून इंद्रधनुष्याच्या रंगांसारख्या तिच्या अनेक छटा आहेत, हा आज सर्वमान्य झालेला विचार मुख्यतः त्यांच्या अभ्यासाचें फळ आहे.

आतां आपल्याकडे वळूं. कॅनर यांच्या निबंधानंतर एकाच वर्षानें, १९४४ सालीं, मुंबईंत वकील या पारशी दांपत्यानें आपल्या मतिमंद मुलीसाठीं शाळा काढिली; तीच आजची जय वकील शाळा. कोणतीच शाळा घेत नाहीं म्हणून आईबापांनींच शाळा व्हावें, हा क्रम येथेंहि तोच. स्वमग्नतेपुरतें म्हणाल तर १९९१ सालीं दिल्लींत मेरी बरुआ या आईनें 'ॲक्शन फॉर ऑटिझम' ही संस्था स्थापन केली. देशाच्या कानाकोपऱ्यांतून आया आपल्या मुलांसह तेथें येऊन राहत, मुलास शिकवावयाचें कसें तें स्वतः शिकत आणि गांवीं परतत. मुंबईंत २००१ साली डॉ. विभा कृष्णमूर्ति यांनीं 'उम्मीद' हें बालविकास केंद्र काढिलें. पुण्यांत 'प्रसन्न ऑटिझम सेंटर' काम करीत आहे. १९९५ सालच्या अपंगांविषयींच्या कायद्यांत स्वमग्नतेचें नांवहि नव्हतें. तें १९९९ सालच्या राष्ट्रीय न्यासाच्या कायद्यांत आलें, आणि २०१६ सालच्या दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या कायद्यानें मान्य केलेल्या २१ प्रकारांत त्याचा स्पष्ट समावेश झाला.

यांतील १९९९ च्या कायद्याची एक तरतूद प्रत्येक घरास ठाऊक असावयास हवी. मूल अठरा वर्षांचें झालें म्हणजे आईबाप कायद्यानें त्याचे आपोआप पालक राहत नाहींत. म्हणून जिल्ह्याजिल्ह्यास 'स्थानिक स्तर समिति' नेमण्याची योजना या कायद्यांत आहे. जिल्हाधिकारी, नोंदलेल्या संस्थेचा एक प्रतिनिधि व एक दिव्यांग व्यक्ति मिळून ती होते, आणि सज्ञान झालेल्या अशा मुलास कायदेशीर पालक नेमून देणें हें तिचें काम. त्याच न्यासाची 'निरामय' ही आरोग्यविम्याची योजनाहि आहे. आमच्या ओळखीच्या दोन घरांत मुलें वीस वर्षांवर गेलीं, तरी समितीचें नांव त्यांनीं आमच्याकडूनच प्रथम ऐकिलें. कायदा दिल्लींत होतो; तो गल्लींत पोहोंचविणारें माणूस लागतें.

आणि गल्लींत काय आहे? आमच्या समाजास जुन्या एकत्र कुटुंबाचा मोठा अभिमान. वाड्यांत दहा माणसें असत, त्यांत एक 'वेडसर' काकाहि निभावून जाई, असें आम्ही सांगतों. निभावून जाई हें खरें. पण पाहुणे आले कीं त्याला माडीवर पाठवीत, आणि घरांतल्या मुलीचें लग्न जमेपर्यंत त्याचें नांव कोणी काढीत नसे, हेंहि तितकेंच खरें. आईस दोष देणारी बखर आम्हींहि आमच्या परीनें लिहिलीच आहे: तिनें गरोदरपणीं ग्रहण पाळलें नाहीं. शिकलेल्या घरांत ग्रहण गेलें व त्याच्या जागीं 'ती नोकरी करते ना, म्हणून' हें वाक्य आलें. पण आरोपी बदलला नाहीं. आज वाडा नाहीं, दहा माणसें नाहींत. तीन खोल्यांच्या जागेंत आईबाप व मूल आहेत, आणि रात्रीं दिवा मालविल्यावर त्या दोघांच्या मनांत एकच प्रश्न असतो: आपल्यामागें याचें कोण?

या प्रश्नाचें संपूर्ण उत्तर एकट्या शाळेपाशीं नाहीं, वैद्यापाशीं नाहीं, सरकारपाशींहि नाहीं. या सर्वांची गरज आहेच. पण त्यांच्या मधली जी जागा उरते ती शेजाराची आहे. केस कापतांना मूल ओरडतें म्हणून दुकान रिकामें असतांना त्याला बोलावणारा न्हावी, सुटे पैसे मोजावयास त्याला पुरता वेळ देणारा वाणी, पुस्तकें क्रमवार लावण्याचें काम त्याच्याकडे सोंपविणारा ग्रंथपाल, हीं माणसें कोणत्याहि योजनेच्या यादींत येत नाहींत. लुइस पतिपत्नींचें नांवहि कोणत्या यादींत नव्हतें.

शेवटीं एक गोष्ट सांगून हा लेख पुरा करतों. डोनाल्डविषयीं त्याच्या गांवांत एक दंतकथा होती. शाळेंत असतांना मुलांनीं त्याला विचारलें, समोरच्या इमारतीच्या भिंतींत विटा किती? त्यानें एक नजर टाकली आणि आंकडा सांगितला. मुलें चकित झालीं, आणि ही कथा पुढें पन्नासांहून अधिक वर्षें गांव सांगत राहिलें. त्या पत्रकारांनीं म्हाताऱ्या डोनाल्डलाच तिच्याविषयीं विचारलें, तेव्हां तो प्रांजलपणें म्हणाला कीं, विटा आपण मोजल्याच नव्हत्या. आंकडा मनानेंच ठोकून दिला होता. कां? तर त्या मुलांचें आपल्याविषयीं चांगलें मत व्हावें म्हणून.

ज्याला जगानें 'स्वमग्न' हें नांव दिलें त्यांतल्या पहिल्या मुलाच्या मनांत हें होतें! तो स्वतःत मग्न होता कीं इतरांनीं आपल्याला जवळ करावें म्हणून त्याला सुचेल त्या वाटेनें धडपडत होता, याचा विचार वाचकांनीं करावा. आमच्या व्याख्यानांतले सन पुनःपुन्हां उच्चारणारा तो मुलगाहि कदाचित् आमच्याशीं बोलतच असेल. त्याच्या आईला आम्हीं पत्र लिहून क्षमा मागितली आहे, आणि व्याख्यानमालेच्या चालकांस कळविलें आहे कीं, पुढील वर्षीं आम्हांस बोलावणार असाल तर त्या दोघांसाठीं पुढल्या रांगेंत दोन खुर्च्या राखाव्या. आणि मधेंच कोणी सन उच्चारला तर वक्ता थांबेल, श्रोत्यांनींहि थांबावें.